शेपटीखालचा पंख: चीनची विंग लूंग आणि सीएच-४ रीपरच्या तोडीची आहेत का?

प्रश्न थोडक्यात असा: पाकिस्तानकडे चीनची विंग लूंग आणि सीएच-४ ही ड्रोन आहेत, ती अमेरिकेच्या रीपर या सशस्त्र ड्रोनची हुबेहूब नक्कल आहेत असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग ती रीपरइतकीच घातक समजायची का? आणि चीन ती इतक्या स्वस्तात देतो कशी?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी तोफखान्यातला. आपल्या भूदलात मानवरहित विमानं पहिल्यांदा आली ती तोफखान्याकडे, आर्मी एव्हिएशनकडे ती गेली २०२१ मध्ये. त्यामुळे माझ्यासारख्या देवळालीत तोफा शिकलेल्या बऱ्याच जणांची वर्षं सर्चर आणि हेरॉन या इस्रायली ड्रोनच्या ग्राउंड स्टेशनात, पडद्यासमोर गेली. आपल्या बाजूचं काही लिहिणार नाही. जे उघड आहे आणि जे कुठल्याही देशाच्या ड्रोन पथकाला लागू पडतं, तेवढंच लिहितो.

नकलेपासून सुरुवात करू. सीएच-४ आणि रीपरचे फोटो शेजारी ठेवा. तोच फुगीर माथा, तेच लांब सडपातळ पंख, तीच व्ही आकाराची शेपटी, मागून ढकलणारा पंखा. फरक शोधायचा असेल तर शेपटीखाली बघा: रीपरला तिथे खाली लोंबणारा एक पंख आहे, सीएच-४ ला तो नाही. आमच्यात नवीन पोरांना ओळख शिकवताना हीच खूण सांगत. पण आता वजनं बघा. रीपरचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ४,७६० किलो, सीएच-४ चं १,३३०. रीपरला ९०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या जातीचं पण पंखा फिरवणारं इंजिन, सीएच-४ ला पिस्टनचं छोटं इंजिन. लूनाला बुलेटची टाकी बसवली तर लांबून ती बुलेट वाटेल, चढावर कळतं. ही सीएच-४ ची टिंगल नाही. ती खरं तर रीपरच्या आधीच्या, जुन्या अमेरिकी प्रिडेटर ड्रोनच्या वर्गातली आहे आणि त्या वर्गात ती बरी आहे. चेहरा तेवढा मोठ्या भावाचा घेतलाय.

मुळात ही दोन वेगळी घराणी आहेत आणि बातम्यांत त्यांची कायम सरमिसळ होते. विंग लूंग हे चेंगदूच्या विमान संशोधन संस्थेचं काम. जे-१०, जे-२० ही लढाऊ विमानं जिथे आखली गेली तीच संस्था, आणि पाकिस्तानची तिच्याशी ओळख दोघांनी मिळून बनवलेल्या जेएफ-१७ लढाऊ विमानापासूनची. चिनी भाषेत यीलूंग म्हणजे डायनोसॉरच्या काळातला तो उडणारा सरडा, टेरोसॉर. निर्यातीसाठी त्याचं विंग लूंग झालं. काम २००५ मध्ये सुरू झालं, पहिलं उड्डाण २००७ मध्ये. चिनी सैन्यात त्याच विमानाला जीजे-१ म्हणतात, जीजे म्हणजे गाँगजी, हल्ला. नावात आडपडदा काही नाही. सीएच घराणं दुसरीकडचं: लाँग मार्च रॉकेटं बनवणाऱ्या अंतराळ महामंडळाच्या वायुगतिकी अकादमीचं. सीएच म्हणजे त्साय होंग, इंद्रधनुष्य. सीएच-३ छोटं, सीएच-४ मधलं, २०१५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं सीएच-५ बऱ्यापैकी मोठं, आणि २०१८ च्या चीनमधल्या चूहाय विमान प्रदर्शनात मांडलेलं सीएच-७ तर शेपटीच नसलेलं, वटवाघळासारखं. ही दोन घराणी एकाच गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी भांडतात. एकाच देशाच्या दोन सरकारी कंपन्या परदेशी लष्करांपुढे आपापला माल मांडतात, हे आपल्याकडच्या माणसाला थोडं गमतीचं वाटतं.

आता इंजिन, कारण इथेच खरी मेख आहे. पहिल्या विंग लूंगचं कमाल वजन सुमारे १,१०० किलो, पंखांचा पसारा १४ मीटर. त्याला लागतं ते रोटॅक्स ९१४ च्या वर्गातलं चार सिलिंडरचं, टर्बोचार्जर लावलेलं इंजिन, सव्वाशेच्या आतली अश्वशक्ती. आपल्या हेरॉनलाही रोटॅक्स ९१४ च आहे. म्हणून या विमानाची कुंडली मला कुणी सांगायला नको. सपाट प्रदेशात, गार हवेत ते शहाण्या बैलासारखं चालतं. तासन् तास एका सुरात, आणि त्यालाच तर पैसे मोजायचे असतात. भर दुपारी वाळवंटात मात्र तेलाचं आणि कूलंटचं तापमान चढायला लागलं की पडद्यापेक्षा त्या दोन आकड्यांकडेच नजर जाते. आणि मागे ढकलणाऱ्या पंख्याचा एक खास त्रास आहे. धावपट्टीवरचा खडा चाकाखालून उडतो आणि थेट पंख्यावर बसतो. प्रत्येक उड्डाणानंतर आमचा एक हवालदार पात्यांच्या कडेवरून नखं फिरवत जायचा. डोळ्याला न दिसणारी खोच नखाला लागते. एकदा अशी खोच निघाली आणि सकाळचं उड्डाण रद्द केलं, तेव्हा वरून फोन आला की एवढ्याशासाठी? एवढ्याशासाठीच.

या इंजिनाला उंचीचंही वावडं आहे. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश राहते. टर्बोचार्जर इंजिनाची भूक काही प्रमाणात भागवतो, पंखांना मात्र जी विरळ हवा आहे तीच कापावी लागते. पहिल्या विंग लूंगची कामाची उंची पाच हजार मीटरच्या आसपास सांगितली जाते. लेहचा विमानतळच ३,२५६ मीटरवर आहे आणि आजूबाजूला सहा हजारांची शिखरं उभी आहेत. म्हणजे लडाखमध्ये हे विमान डोंगरावरून बघणार नाही, दऱ्यांतून वाट काढणार. चीनला हे आपल्याआधी कळलेलं होतं. म्हणून तिबेटच्या बाजूला, शिगात्सेच्या विमानतळावर, उपग्रह छायाचित्रांत जे दिसलं ते डब्ल्यूझेड-७: जेट इंजिनाचं, पुढचे आणि मागचे पंख एकमेकांना जोडलेलं, फार उंचावरून टेहळणी करणारं वेगळंच जनावर. आणि म्हणूनच २०१७ मध्ये विंग लूंग-२ आलं. त्याला टर्बोप्रॉप आहे, पंखांचा पसारा २०.५ मीटर, वजन ४,२०० किलो, आणि बारापर्यंत क्षेपणास्त्रं टांगता येतात. रीपरशी तुलना करायचीच असेल तर याच्याशी करा. नुसतं 'विंग लूंग' म्हणणाऱ्या बातमीला काही अर्थ नाही. एक की दोन, हे आधी विचारायचं.

लिंकबद्दल, म्हणजे विमान आणि जमीन यांना जोडणाऱ्या रेडिओच्या धाग्याबद्दल, लोक फार कमी विचारतात. जमिनीवरचा अँटेना आणि विमान यांच्यामध्ये पृथ्वीचा फुगवटा येतो. विमान जमिनीपासून पाच हजार मीटर वर असेल तर साधारण २९० किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत ते दिसतं, तीन हजारावर असेल तर सव्वादोनशेच्या आसपास. मध्ये डोंगर आला की हिशेब तिथेच संपला. याच्या पलीकडे जायचं तर उपग्रह हवा. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. सिग्नल वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, हुकूम गेला आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसला यात अर्धा, आणि मधल्या यंत्रांचा वेळ धरला तर त्याहून जास्त. पडद्यावर जो ट्रक दिसतोय तो थोडा आधीचा ट्रक असतो. वळणाऱ्या ट्रकवर लेझर धरून बसायचं असेल तर हे फार जाणवतं, कारण एआर-१ किंवा ब्लू ॲरो-७ सारखं लेझरवर जाणारं क्षेपणास्त्र सात-आठ किलोमीटरवरून सुटलं की ते पोचेपर्यंत तो ठिपका लक्ष्यावरून हलू द्यायचा नसतो. ते वीस-पंचवीस सेकंद खुर्चीतल्या माणसाचे असतात, विमानाचे नाही.

आणि लिंक तुटते. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना तो अपघात वाटतो, आम्हाला ती सर्दीसारखी नेहमीची. चित्र आधी चौकोनी-चौकोनी फुटतं, मग थिजतं. खोलीत एकदम शांतता. विमान ठरवून दिलेल्या उंचीवर जातं आणि घराकडे वळतं. तुम्ही घड्याळाकडे बघत बसता. माझ्या एका रात्री हे थिजलेलं चित्र एका विहिरीचं होतं. अकरा मिनिटं मी ती विहीर बघत होतो. मग विमान परत लिंकमध्ये आलं आणि पडद्यावर रस्ता दिसला. अशा वेळी काय करायचं हे यंत्रात आधी भरून ठेवलेलं असतं. ते नीट भरलेलं नसेल तर विमान डोंगरात जातं. चिनी असो, इस्रायली असो, अमेरिकी असो.

आता स्वस्त का, याकडे. १९८७ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था सुरू झाली, म्हणजे क्षेपणास्त्रांची निर्यात आवरण्यासाठी काही देशांनी आपसांत ठरवलेले नियम. तिच्यात ५०० किलो वजन ३०० किलोमीटर नेऊ शकणारं मानवरहित विमानही क्षेपणास्त्राच्याच कडक यादीत टाकलं. भारत २०१६ मध्ये सदस्य झाला, चीन आजही सदस्य नाही. अमेरिकेने हे नियम धरून मित्रांनाही सशस्त्र ड्रोन द्यायला वर्षानुवर्षं नकार दिला. जॉर्डनने प्रिडेटर मागितलं, मिळालं नाही. संयुक्त अरब अमिरातीला मिळालं ते शस्त्र न लावता येणारं. दुकान बंद असलं की शेजारच्याचा धंदा होतो, तसं झालं. पहिल्या विंग लूंगची किंमत तेव्हा १० लाख डॉलरच्या आसपास सांगितली जाई, रीपरच्या किमतीचा तो एक बारका तुकडा. चिनी मजुरी स्वस्त वगैरे कारणं आहेतच. पण मुख्य कारण हे की विकणाऱ्याला बाजारात शिरायचं होतं आणि घेणाऱ्याला दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. पुढे अमेरिकेने २०२० मध्ये स्वतःच त्या नियमाचा अर्थ सैल केला.

पण जॉर्डनची गोष्ट इथे संपत नाही. त्यांनी सीएच-४ बी घेतली, आणि २०१९ मध्ये सहाच्या सहा विकायला काढली. इराकचं तर अधिक बोलकं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये रमादीच्या लढाईत इराकी सीएच-४ ने इसिसच्या ठिकाणांवर पहिले मारे केले, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं आणि ते खोटं नव्हतं. चार वर्षांनी पेंटागॉनच्या महानिरीक्षकाच्या अहवालात एक ओळ आली: इराकच्या दहाहून अधिक सीएच-४ पैकी पूर्ण कामाच्या स्थितीत फक्त एक, कारण देखभालीच्या अडचणी. ही ओळ मी अनेकांना वाचून दाखवली आहे. विमान विकत घेणं म्हणजे लग्नाचा मांडव, संसार पुढे असतो. सुटे भाग कुठून येणार, इंजिनाचं ओव्हरहॉल कोण करणार, त्यासाठी ते चीनला पाठवायचं का, पाठवलं तर किती महिन्यांनी परत येणार, सॉफ्टवेअर बिघडलं तर हात लावायची परवानगी कुणाला? मूळ करारात या गोष्टी नसल्या की पहिल्या वर्षी सहा विमानं उडतात, तिसऱ्या वर्षी दोन, आणि बाकीच्या चारांचे भाग काढून त्या दोघांना लावतात. आमच्यात याला 'खाणं' म्हणत. एक विमान दुसऱ्याला खातं.

सगळे खरेदीदार असे गचाळ निघाले असं मात्र नाही. अमिरातीने विंग लूंग मन लावून वापरली. येमेनमध्ये एप्रिल २०१८ मध्ये हूथी बंडखोरांच्या राजकीय परिषदेचा प्रमुख सालेह अल-समद होदेइदात ड्रोनहल्ल्यात मारला गेला, तो मारा विंग लूंगचा असल्याचं सांगितलं गेलं. लिबियात पूर्वेकडचा सेनापती हफ्तार याच्या बाजूने अल-खादिमच्या तळावरून विंग लूंग-२ उडत होती. ४ जानेवारी २०२० ला त्रिपोलीच्या लष्करी अकादमीच्या मैदानात संचलन करणाऱ्या निःशस्त्र कॅडेटांवर क्षेपणास्त्र पडलं, २६ मुलं गेली. बीबीसीच्या तपासात तिथे सापडलेले तुकडे ब्लू ॲरो-७ चे असल्याचं आणि ते विंग लूंग-२ मधून सुटल्याचं पुढे आलं. पडद्यावर वरून बघणाऱ्याला रांगेत उभी माणसं म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसते. हातात रायफल आहे की फावडं आहे की काहीच नाही, हे ओळखायला चांगला कॅमेरा तर लागतोच, पण त्याहून जास्त लागतो तो 'मला नक्की दिसत नाहीये' असं वरिष्ठाला सांगू शकणारा माणूस. तो कुठल्याही किटमध्ये येत नाही.

त्याच लिबियात, समोरच्या बाजूला हवाई संरक्षण येऊ लागल्यावर, विंग लूंगही पडल्या. हे ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरने घिरट्या घालणारं, रडारवर ठळक दिसणारं विमान आहे. ज्याच्याकडे रडार आणि क्षेपणास्त्र आहे त्याच्यासाठी ते सोपं लक्ष्य. रीपरचंही येमेनवर तेच झालं, हूथींनी कितीतरी पाडली. त्यामुळे 'रीपरइतकं घातक का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की रीपरही सगळीकडे तितकं घातक नाही.

एक जरा वेगळी नोंद, कारण ती मला आवडते. जुलै २०२१ मध्ये चीनच्या हनान प्रांतात महापूर आला आणि मोबाइलचे टॉवर गेले. तेव्हा क्वेइचौ प्रांतातल्या आन्शुनहून एक विंग लूंग-२ एच उडालं, हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून मीहे गावावर गेलं आणि पाच तास आकाशातला टॉवर बनून घिरट्या घालत राहिलं. सुमारे ५० चौरस किलोमीटरमधल्या लोकांचे फोन लागले. क्षेपणास्त्राच्या जागी रेडिओचं खोकं, बाकी विमान तेच. आपल्याकडे २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात असं काही वर असतं तर, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे.

आता पाकिस्तान. त्यांचं बुर्राक हे ड्रोन सीएच-३ वरून घेतलेलं आहे असं बहुतेक जाणकार मानतात. मार्च २०१५ मध्ये चाचणी आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर वझिरिस्तानच्या शवाल खोऱ्यात पहिला मारा, म्हणजे त्यांनी वेळ फुकट घालवला नाही. जून २०१६ मध्ये मियाँवालीजवळ एक विंग लूंग पडलं, चाचणीच्या काळात हे होतंच. २०१८ मध्ये ४८ विंग लूंग-२ चीनबरोबर मिळून बनवण्याची घोषणा झाली, आणि २०२१ मध्ये भूदलाला सीएच-४ मिळाली. इराक आणि पाकिस्तानमधला फरक लक्षात घ्या: पाकिस्तानकडे कामराच्या कारखान्यात विमानं जोडायची, ओव्हरहॉल करायची जुनी सवय आहे. 'खाण्याची' वेळ त्यांच्यावर इराकइतक्या लवकर येणार नाही. मी त्यांना त्या बाबतीत कमी लेखणार नाही.

पण सीमेवर ही विमानं क्षेपणास्त्रं घेऊन आत येतील, ही भीती मला फारशी नाही. आपलं हवाई संरक्षण चालू असताना आत येणं म्हणजे विमान दान करणं. मला भीती आहे ती दुसऱ्या गोष्टीची, आणि तोफखान्यातल्या माणसालाच ती सुचेल. सीएच-४ ला आत यायची गरजच नाही. ती पाकिस्तानच्याच हद्दीत, पाच हजार मीटरवर घिरट्या घालत तिरक्या नजरेने पलीकडे बघू शकते. आमच्या वेळी तोफेचा गोळा कुठे पडला हे सांगायला टेकडीवर ओपी लागायचा, दुर्बीण आणि रेडिओ घेऊन बसलेला एक तरुण अधिकारी. पहिला गोळा पडला, धूर दिसला, 'उजवीकडे ५०, पुढे १००', दुसरा गोळा. टेकडी समोर नसेल तर तो आंधळा. आता टेकडीच आकाशात आहे आणि तिच्यावर इन्फ्रारेड डोळा आहे. नुकतीच डागलेली तोफेची नळी रात्री त्या डोळ्याला निखाऱ्यासारखी दिसते. आणि दुसऱ्या टोकाला पाकिस्तानने घेतलेल्या चिनी एसएच-१५ या चाकांवरच्या १५५ मिलिमीटर तोफा आहेत. ड्रोनने ठिकाण सांगायचं, तोफेने मारायचं, ड्रोननेच दुरुस्ती द्यायची. यात एकही क्षेपणास्त्र खर्च होत नाही.

मी तरुण असताना आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, एका जागी खड्डे खणून, जाळी पसरून आठवडाभर बसायची. चहा तिथेच, दाढी तिथेच. आज त्याच जागी बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याला चार-पाच गोळे टाकले की पाचव्या मिनिटाला तोफ ट्रकला जोडून रस्त्याला लागावं लागतं, आणि नळी गार होईपर्यंत झाडाखाली.